लेकरू फौजेत गेलं, बीएस्सीच्या ४४ क्रेडिटचं काय?

डबलबेल, लातूर

नमस्कार मंडळी. मी एसटीत कंडक्टर आहे, लातूर आगार, सव्वीस वर्षं झाली. प्रश्न लेकराच्या शिक्षणाचा आहे. ज्याला विचारावं तो वेगळंच सांगायलाय, म्हणून इथं टाकलो.

थोडं मागचं सांगतो. थोरल्याला बारावीला विज्ञान होतं. लातुरात राहून 'नीट' ही डॉक्टरकीची परीक्षा दिली नाही असं पोरगं सापडायचं नाही, यानंही दिली, नंबर लागला नाही. मग बीएस्सीला घातलं. पण त्याचं चित्त पहिल्यापासून भरतीत. पहाटे साडेचारला तो बार्शी रोडला पळायला निघायचा आणि मी पहिल्या गाडीच्या ड्युटीला. दारात दोघं एकाच वेळी बूट बांधायलो, बोलणं काही नाही. २०२४-२५ ला त्यानं फर्स्ट इयर केलं, दोन्ही सेमिस्टर एका दमात पास, एक विषय राहिला नाही. गुणपत्रिका मिळून ४४ क्रेडिट, म्हणजे शिकल्याचं माप म्हणतेत. तेवढ्यात अग्निवीरचा, म्हणजे चार वर्षांच्या फौजभरतीचा निकाल लागला, जनरल ड्युटी. आता बेळगावला ट्रेनिंगला आहे. मोबाईल रविवारी मिळतो, तोही थोडा वेळ, त्यात आईशी बोलून उरलं तर माझ्याशी.

आता अडचण अशी, की तीन माणसांनी तीन गोष्टी सांगितल्या. मेहुणा म्हणतो, दाजी, चार वर्षं झाली की सरकार आपोआप पदवी देतंय, तुम्ही काहीच करू नका. गावाकडचे रिटायर फौजी आप्पा म्हणले, पंधरा वर्षं भरल्याशिवाय ग्रॅज्युएट धरत नसतेत, याचे तर चारच. आणि सेतू केंद्रातलं पोरगं म्हणलं, काका, ४४ क्रेडिट बँकेत जमा असतेत, सात वर्षं जात नाहीत. मी विचारलो कोणत्या बँकेत, तर ते हसायलं. पासबुक मागितलो नाही हे नशीब.

मला माझ्या भाषेत कुणी सांगा. लातूर-निलंगा गाडीत माणूस औशाला उतरला आणि मागच्या गाडीत बसला, तर त्याला नवं तिकीट लागतंय. मागचं दाखवून चालत नाही. आणि पास असला तर कुठंही उतरा, कुठंही चढा. हे क्रेडिट म्हणजे तिकीट हाय का पास?

त्याच्या आईनं कॉलेजच्या फीच्या पावत्या बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्यात. रोज विचारायलीय, टाकू का ठेवू.

बिनधास्त बीडकर

ठेवा हो पावत्या. पण खरं सांगू का मामा, पदवीवाले आमच्या गल्लीत ढिगानं पडलेत. दोघं बीएस्सी, एक एमए बीएड, तिघंही ऊसतोडीच्या टोळीचा हिशोब लिहायलेत. पोरगं फौजेत लागलं ना, पहिल्या वर्षी एकवीस हजार हातात पडायलेत ना, मग कशाला क्रेडिट मोजत बसलाव.

सिग्नलवाला, भूम

बीडकर, पहिल्या वर्षाचे एकवीस हजार आम्हालाही मोजता येतेत. पाचव्या वर्षीचे किती ते सांगा. तीस हजार पगार, त्यातले तीस टक्के निधीत कापून एकवीस. चौथ्या वर्षी चाळीस हजार पगार. मग पावणेबारा लाखाच्या आसपास सेवानिधी घेऊन शंभरातले पंचाहत्तर पोरं गावी येणार, वय बावीस-तेवीस, पेन्शन नाही. पदवी तेव्हा लागती.

डबलबेल भाऊ, मी १९९८ ला भरती झालो, सिग्नल्स, ट्रेनिंग जबलपूरला. सतरा वर्षं काढून २०१५ ला बाहेर आलो. तुमच्या तिघा सल्लागारांपैकी तिघंही थोडे थोडे खरे आहेत, आणि घोळ तिथंच आहे. एकेकाचं घेतो.

आधी तुमचे आप्पा. ते म्हणतात ती सोय जुनी आहे, माझ्याकडं तो कागद आहे. दहावी पास किंवा सैन्याचं स्पेशल शिक्षण प्रमाणपत्र असलेल्या माजी सैनिकाची पंधरा वर्षं सेवा झाली असली, तर पदवी मागणाऱ्या गट क च्या जागेला तो अर्ज करू शकतो. केंद्रातही आणि आपल्या राज्यातही. रेकॉर्ड ऑफिसातून प्रमाणपत्र मिळतं, लोक त्याला सरळ ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट म्हणतात. नावच असं की माणूस फसतो. मी फसलो.

बाहेर आल्यावर माझ्या डोक्यात वकील व्हायचं होतं. कागद लॅमिनेट करून एका लॉ कॉलेजच्या खिडकीवर गेलो. आतल्या क्लार्कनं उलटापालटा करून बघितला आणि विचारलं, "फौजी, यात टक्के कुठं आहेत?" तीन वर्षांच्या एलएलबीला पदवीचे पंचेचाळीस टक्के लागतात. माझ्या कागदावर सतरा वर्षांची नोकरी होती, वर्तणूक उत्कृष्ट असा शेरा होता, टक्के नव्हते. तो माणूस वाईट नव्हता. त्यानं समजावलं, की हे नोकरीच्या अर्जाला चालतं, पुढच्या शिक्षणाला चालत नाही, कारण ही विद्यापीठाची पदवी नाही, फक्त पदवीच्या जागी धरलेली आहे. मागं रांग होती. मी कागद पिशवीत घातला आणि बाहेर येऊन रसवंतीवर दोन ग्लास रस प्यालो.

त्याच कागदावर गट क ची एक परीक्षा दिली, अर्ज बिनतक्रार घेतला. नंबर लागला नाही ही माझी बुद्धी, कागदाची चूक नाही. मग अडतिसाव्या वर्षी मुक्त विद्यापीठात बीएला नाव घातलं. एका बँकेच्या एटीएमवर रात्रपाळीला होतो, आतल्या गारव्यात बसून लोकप्रशासन वाचून काढलं. अडीच वाजता कुणी पैसे काढायला आलं की पुस्तक खाली ठेवायचं.

आणि सतरा वर्षांत मी कोर्स काय कमी केले का? रेडिओचा, लाईनचा, जनरेटरचा. प्रमोशनसाठी सैन्याच्या शिक्षणाचे दाखले वेगळे, थर्ड, सेकंड, फर्स्ट, नकाशावाचन वेगळं. एक कोर्स सहा महिन्यांचा होता. आठवड्याचे छत्तीस तास धरा, चोवीस आठवडे, म्हणजे ८६४ तास. आताच्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात सगळं शिकणं धरून ३० तासांचं एक क्रेडिट धरतात. एका कोर्सचे २८ झाले असते! पण त्या काळी मोजणारं कुणी नव्हतं आणि माझं नाव कुठल्या विद्यापीठाच्या रजिस्टरात नव्हतं. रजिस्टरात नाव नाही तर घाम जमा कुठं करणार?

तुमच्या मेहुण्याची अर्धी गोष्ट खरी आहे ती इथंच. अग्निपथ योजना १४ जून २०२२ ला जाहीर झाली आणि लगेच दुसऱ्या दिवशी शिक्षण मंत्रालयानं अग्निवीरांच्या पदवीचं जाहीर केलं. ही पदवी इग्नूची, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यापीठाची, तीन वर्षांची. १२० क्रेडिटपैकी निम्मे फौजेतल्या प्रशिक्षणाचे, निम्मे इग्नूच्या विषयांचे. म्हणजे ६० आणि ६०. विषयात भाषा, इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, लोकप्रशासन, वाणिज्य, पर्यटन, शेतीसुद्धा आहे. पर्यावरण आणि इंग्रजी संभाषण सगळ्यांना. मधे सुटलं तरी पहिल्या वर्षाचं प्रमाणपत्र, दुसऱ्याची पदविका, तिसऱ्याला पदवी. आणि ही खरी पदवी आहे, माझ्यासारखी "धरलेली" नाही. तलाठ्याच्या अर्जालाही चालते आणि एमएच्या प्रवेशालाही.

पण "आपोआप" हा शब्द मेहुण्यानं स्वतःच्या खिशातून घातलाय. फौजेचे ६० तरी ट्रेनिंग आणि नोकरीतून येतील. इग्नूच्या ६० साठी नाव नोंदवावं लागतं, स्वाध्याय लिहून द्यावे लागतात, जून नाहीतर डिसेंबरच्या परीक्षेला बसावं लागतं. पोरगं गार्ड ड्युटी करून आलं की त्याला पाठ टेकायची असते, पर्यावरणाचा स्वाध्याय लिहायचा नसतो. चार वर्षं अशी जातात, कळतही नाहीत.

आता माझं एकच सांगणं, हे लेकराला फोनवर लिहून घ्यायला लावा. फौजेत जे काही होतं ते पार्ट टू ऑर्डरमध्ये निघतं. कोर्स, प्रमोशन, लग्न, मूल, सगळं. आम्ही गमतीनं म्हणायचो की पार्ट टू निघालं नाही तोवर पोरगं झालंच नाही, बारसं थांबवा. माझ्या एका दोस्तानं जनरेटरचा कोर्स केला, चांगली ग्रेड घेतली, आणि चार वर्षांनी कळलं की पार्ट टू कधी निघालंच नव्हतं. युनिट हललं होतं, कागद पेटीत राहिला. तेव्हा प्रत्येक कोर्सचं नाव, तारीख पासून तारीख पर्यंत, ग्रेड, आणि पार्ट टूचा नंबर एका छोट्या डायरीत. बाबूला विचारायचं, पण चहाच्या सुट्टीत, सुभेदारसाहेबांच्या समोर नाही.

खडकवासल्याला एनडीएची पोरं तीन वर्षं परेडही करतात आणि बाहेर पडताना हातात जेएनयूची पदवी घेऊन निघतात. ऑफिसर होणाऱ्यांना ही सोय कधीपासूनची आहे. जवानाला आता मिळायलीय, तर ती वाया घालवू नये एवढंच.

४४ क्रेडिटचं मला नीट सांगता यायचं नाही. इथं परभणीच्या मॅडम असतात, त्या बोलतील.

खडूफळा, परभणी

सिग्नलवाला भाऊ, वर्दी दिलीत म्हणून आले. मी महाविद्यालयात शिकवते आणि आमच्याकडचं क्रेडिट बँकेचं काम माझ्याच गळ्यात आहे, त्यामुळे रोज दहा तरी मुलं "मॅडम, माझे क्रेडिट दिसत नाहीत" म्हणत येतात.

डबलबेल काका, तुमचा तिकीट का पास हा प्रश्न मी आता वर्गात वापरणार आहे. आधी हिशोब. वर्गातल्या शिकवण्याचे १५ तास म्हणजे एक क्रेडिट, प्रयोगशाळेचे ३० तास म्हणजे एक. राज्याच्या आराखड्यात एका सेमिस्टरला २२, वर्षाला ४४, तीन वर्षांचे १३२. विद्यापीठ अनुदान आयोगाची किमान अट १२० ची आहे. चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६०. म्हणजे तुमच्या मुलाचा एक तृतीयांश रस्ता झालेला आहे.

हे क्रेडिट कॉलेजात पडून राहत नाहीत. २०२१ पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, सेतू केंद्रातला मुलगा बोलला ती हीच. डिजिलॉकर उघडा, त्यात बारा आकडी अपार आयडी असेल, त्याखाली क्रेडिट दिसतात. जमा विद्यापीठ करतं, विद्यार्थी नाही. आणि सात वर्षं ते राहतात, हे बरोबर.

आता जिथं मुलं अडकतात ते. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडताना प्रमाणपत्र हवं असेल तर ४४ च्या वर आणखी ४ क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते. तुमचा मुलगा भरतीच्या गडबडीत होता, त्यानं ती केली नसणार. म्हणजे प्रमाणपत्र नाही, पण क्रेडिट गेले असंही नाही.

दुसरं, आणि हे मला जास्त खटकतं. आयोगाच्या आराखड्यात असा बाहेर पडलेला विद्यार्थी तीन वर्षांत परत यावा आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करावी असं आहे. अग्निवीराची नोकरी चार वर्षांची. नियम करणाऱ्यांनी दोन्ही कागद एका टेबलावर ठेवून बघितले नसावेत! म्हणून बीएस्सी पुन्हा धरायची असेल तर नोकरी संपायची वाट बघू नका, तिसरं वर्ष लागलं की कॉलेजला आणि विद्यापीठाला लेखी विचारून ठेवा. लेखी म्हणजे आवक क्रमांक टाकून घेतलेला अर्ज, फोनवर नाही.

फौजेतून सुट्टीवर येऊन बीएस्सी चालू ठेवता येईल का, असं तुम्ही विचारणार. नाही. प्रात्यक्षिकं आहेत, हजेरी आहे. २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी करायला आयोगाची परवानगी आहे, एक कॉलेजात आणि एक दूरस्थ अशीही, पण तो नियम परभणीत राहून दोन्हीकडं जाणाऱ्यासाठी उपयोगाचा, बेळगावच्या परेड ग्राउंडवरून नाही.

जाता जाता, त्यानं कॉलेजात एनसीसी घेतली होती का? आयोगानं २०२१ मध्येच एनसीसी हा क्रेडिटचा ऐच्छिक विषय करायला सांगितलं. आपल्याकडं पहिल्या वर्षाला सहशालेय विषयात एनसीसी, एनएसएस, खेळ यातलं काहीतरी धरतात. घेतली असेल तर त्याचे क्रेडिट त्या ४४ मध्ये आलेले असतील, कवायतीचे क्रेडिट त्याला तसे नवे नाहीत.

डबलबेल, लातूर

मॅडम, सिग्नलवाले साहेब, तुमचे दोघांचे लई उपकार. दोन्ही उत्तरं मी डेपोत मोठ्यानं वाचून दाखवलो. आमच्या ड्रायव्हरचा पुतण्या पण यंदा लागलाय, तो म्हणला परत एकदा वाचा.

एनसीसी घेतली होती, हो. रविवारी पहाटे खाकी ड्रेसला इस्त्री त्याची आई करायची.

एक शंका राहिली. इग्नूचे १२० लागतेत. त्यातले ६० फौज देणार. मग उरलेल्या ६० मध्ये हे ४४ घातले तर फक्त १६ राहतेत. एका वर्षात पदवी! मी हिशोब तीनदा करून बघितलो, बरोबर येतोय.

सिग्नलवाला, भूम

आधी एक. साहेब म्हणू नका. फौजेत साहेब म्हणजे नायब सुभेदारापासून वर. मी हवालदार म्हणून बाहेर आलो, माझी पलटण वाचेल तर हसेल.

हिशोब कंडक्टरच्या वेबिलासारखा चोख आहे, पण गाडी दुसरी आहे. ते ६० इग्नूच्या विषयांच्या टोपलीतले पाहिजेत. तुमच्या लेकराचे भौतिक, रसायनाचे आहेत.

खडूफळा, परभणी

आणि पदवी देणाऱ्या संस्थेत निदान निम्मे क्रेडिट मिळवलेले असावेत, हे क्रेडिट बँकेच्या नियमातच आलंय. बीएस्सी आणि इग्नूची खिचडी करू नका काका. शिवाय एकदा एका पदवीला वापरलेले क्रेडिट बँकेतून वजा होतात, दुसऱ्या पदवीला पुन्हा चालत नाहीत. ४४ आहेत तसे राहू द्या. इग्नूची पदवी वेगळी करून घ्यावी.

उदगीर ते टेक्सास

मी मूळची उदगीरची, आता सॅन अँटोनिओला असते. हे गाव सैन्याचंच आहे, हवाई दलाचं प्राथमिक प्रशिक्षण इथल्या लॅकलँडला होतं. मी एका कम्युनिटी कॉलेजात विद्यार्थ्यांच्या प्रवेशाचं काम बघते, आणि डबलबेल काकांचा १६ क्रेडिटचा हिशोब वाचून मला माझं टेबल आठवलं. अगदी हाच हिशोब घेऊन इथली पोरं येतात, फक्त इंग्रजीत.

इकडं बॅचलर पदवीला साधारण १२० सेमिस्टर क्रेडिट, दोन वर्षांच्या असोसिएट पदवीला ६०. काही विद्यापीठं वर्षाचे तीन भाग करतात, तिथं १२० चे १८० होतात, वस्तू तीच, माप वेगळं. फौजेतल्या कोर्सचं मोल ठरवायचं काम अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन ही संस्था १९४५ पासून करते, दुसऱ्या महायुद्धातून पोरं परत आली तेव्हापासून. सैन्य, नौदल, मरीन आणि तटरक्षक दलाच्या माणसांना जॉइंट सर्व्हिसेस ट्रान्सक्रिप्ट मिळतं, त्यात केलेला प्रत्येक कोर्स आणि त्यापुढं सुचवलेले क्रेडिट. हवाई दलाचं तर स्वतःचं कम्युनिटी कॉलेजच आहे, अलाबामात, ते असोसिएट पदवी देतं.

पण "सुचवलेले" या शब्दात सगळं आलं. कौन्सिल सुचवते, घ्यायचे का नाही आणि कशात घ्यायचे ते कॉलेज ठरवतं. मागं माझ्याकडं एक मुलगा आला होता, नौदलात सहा वर्षं काढलेला. ट्रान्सक्रिप्ट टेबलावर ठेवलं, चाळीसच्या वर क्रेडिट, चेहऱ्यावर आनंद. त्याला नर्सिंग करायचं होतं. आम्ही दोघं एकेक ओळ बघत गेलो. शारीरिक शिक्षण, नेतृत्व, जहाजावरची आग विझवणं, विद्युत यंत्रणा. सगळे क्रेडिट नोंदले गेले, ऐच्छिक या रकान्यात. नर्सिंगला लागणारं शरीरशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र त्यात काहीच नव्हतं, आणि त्या पदवीत ऐच्छिक विषयांना जागा जेमतेम एकदोन. चाळीसमधले कामाला आले ते बोटावर मोजण्यासारखे. तो बराच वेळ तो कागद बघत बसला. मग म्हणाला, आग विझवायला मी खरंच चांगला होतो.

शिवाय इकडंही मॅडम म्हणतात तसा नियम आहे, पदवी ज्या विद्यापीठाची हवी तिथं निदान पाव भाग, म्हणजे ३० क्रेडिट तरी करावे लागतात, बऱ्याच ठिकाणी त्याहून जास्त. म्हणून मी आता पोरांना किती क्रेडिट आहेत ते विचारतच नाही, कशाची पदवी हवी ते आधी विचारते. काका, तुमच्या मुलाला कुणी विचारलंय का, की त्याला पुढं काय करायचंय?

बिनधास्त बीडकर

ताई, हा प्रश्न मराठवाड्यात बापाला विचारतेत, पोराला नाही.

डबलबेल, लातूर

ताई, बीडकर म्हणायलेत ते खरं आहे. मी कधी विचारलोच नव्हतो. मला आपलं वाटायचं तलाठी व्हावं, गावात मान असतोय.

तीन आठवडे झाले, काय झालं ते सांगतो.

आधी डिजिलॉकर उघडलो, सेतूवाल्या पोराला बसवून. तर त्यात २२ च क्रेडिट! पहिल्या सेमिस्टरचे आलेले, दुसऱ्याचे नाहीत. माझ्या पोटात गोळा. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कॉलेजात गेलो, बिस्किटाचा डबाच सोबत घेऊन. तिथल्या मॅडमनी कागद बघितले आणि विचारलं, आधार कधी दुरुस्त केलं का? मग लक्षात आलं. भरतीच्या कागदांसाठी मीच त्याच्या आधारात नाव बदलून घेतलो होतो. आधी शाळेतल्यासारखं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं होतं. मी आडनाव पुढं करून घेतलो, कारण भरतीच्या अर्जात तसं पडलं होतं. ते केलं दुसऱ्या सेमिस्टरच्या मधे. पहिल्या सेमिस्टरला एक नाव, दुसऱ्याला दुसरं. मशीनला ते दोन माणसं वाटली. चूक ना कॉलेजची ना मशीनची, चूक कंडक्टरची. अर्ज दिलो, आवक क्रमांक घालून घेतलो, परभणीच्या मॅडमचं नाव काढलो मनात. सतरा दिवसांनी उघडून बघितलो तर ४४.

त्या रविवारी फोन आला. आईचं झाल्यावर मी घेतलो. डायरीचं सांगितलो, पार्ट टूचं सांगितलो. तो म्हणला, "पप्पा, तुम्हाला पार्ट टू कसं माहीत?" मी म्हणलो, आमचा एक हवालदार दोस्त आहे भूमचा. शिक्षणाच्या हवालदारानं त्यांना ट्रेनिंग संपताना इग्नूचं सांगणार म्हणून आधीच कानावर घातलंय. नाव देतो म्हणला.

मग ताईंचा प्रश्न विचारलो. तुला पुढं काय करायचंय. पलीकडं जरा वेळ काहीच आवाज नाही, मागं कुणीतरी बूट घासायलं होतं त्याचा आवाज येत होता. मग म्हणला, "पंचवीस टक्क्यात राहिलो तर इथंच. नाही राहिलो तर शेतीचं शिकायचंय. इग्नूत शेतीचा विषय आहे म्हणतेत, तो बघतो." आमची औशाच्या अलीकडं तीन एकर आहे, त्यात मी सव्वीस वर्षांत सव्वीस दिवस पण राबलो नसेन. ती जमीन त्याच्या डोक्यात आहे हे मला माहीतच नव्हतं.

सिग्नलवाले दादा, एक राहिलं. पंचवीस टक्क्यात राहिला तर पुढं निदान पंधरा वर्षं म्हणतेत. मग तुमचा तो टक्के नसलेला कागद त्यालाही मिळंल ना?

सिग्नलवाला, भूम

मिळंल. पण तोवर त्याच्याकडं टक्केवाला असंल, हा त्याला लागणार नाही. लॅमिनेट करू नका म्हणावं, पडताळणीला लॅमिनेट केलेला कागद घेताना लोक कुरकुर करतात.

डबलबेल, लातूर

बरं. पावत्यांचा डबा परत कपाटात ठेवलाय, वरच्या फळीला. निलंगा लागलीय, येतो.